सून नऊ मिनिटांत घरी येते

आमच्या सुनेच्या बसची रांग सून लावत नव्हती, सासरा लावत होता. एक-दोन दिवस नाही, पाच वर्षं.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी आमचा म्हातारा, लाओ दुआन, गजराशिवाय उठायचा. दोन विजारींवर तिसरी कापसाची विजार चढवायचा, थर्मास काखेत मारायचा, घडीचं स्टूल हातात घ्यायचा आणि अंधारात निघायचा. आमच्या यानच्याओ गावच्या बसथांब्यावर तोवर पंधरा-वीस म्हातारे-म्हाताऱ्या हजर असायचे. कोणी लेकासाठी, कोणी लेकीसाठी, एकजण तर जावयासाठी. पोरं कामाला बीजिंगला आणि झोपायला नदीच्या अलीकडे, कारण घर घेणं इकडेच झेपतं. आईबापांनी रांगेत उभं राहायचं, पोरांनी तेवढीच तासभर जास्त झोप काढायची आणि बस लागली की पळत येऊन आपल्या जागी शिरायचं. खुर्ची मिळाली तर बसून झोपता येतं. नाही मिळाली तर उभ्याने झोपावं लागतं, आणि ते काही सगळ्यांना जमत नाही.

आमच्या यीलानला जमायचं.

ती बीजिंगच्या चष्म्यांच्या मोठ्या बाजारात काचा घासायची. नंबर लिहिलेला कागद आला की त्याप्रमाणे काच घासून चौकटीत बसवायची. बस, मग नाक्यावर उतरून ओळखपत्र दाखवायचं, परत बस, मग भुयारी रेल्वे, मग दुसरी भुयारी रेल्वे, मग वीस मिनिटं पायी. जायला अडीच तास, यायला अडीच तास, आणि धुकं पडलं तर विचारायलाच नको. सकाळचा पराठा थंड, तोही चालता चालता. दुपारचं जेवण तीनला. पोटात कायम आग. पाय असे सुजायचे की घरात ती नवऱ्याच्या सपाता घालून फिरायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा आम्हा दोघींचा रक्तदाब एकापाठोपाठ मोजला आणि म्हणाल्या, "अगदी सारखा आहे." मी तेव्हा चौसष्ट वर्षांची होते, आणि ती छत्तीसची.

आमची नात मीली चार वर्षांची. तिचा एक आवडता खेळ होता, 'आई-आई'. दारातून आत यायचं, पिशवी टाकायची, चपलांच्या बाकड्यावर बसायचं, एक बूट काढायचा आणि दुसरा तसाच पायात ठेवून भिंतीला डोकं टेकून घोरायचं. झाला खेळ. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पोट धरून हसले. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पातेली घासत बसले.

त्या वर्षी ऑक्टोबरात एका पहाटे रांगेत म्हाताऱ्याच्या पुढे फानबाई उभी होती. तिचं लक्ष थांब्याकडे कमी आणि गप्पांकडे जास्त.

"माझ्या भाच्याने, लुओने, आपल्या भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान टाकलंय," ती म्हणाली. "पाटी लागली, मशीन आलं, आणि काचा घासणारा कारागीर पळाला."

"कुठे पळाला?"

"सासुरवाडीला. थ्येनजिनला. बायकोने हाक मारली नि गेला शेपूट हलवत!"

आमचा म्हातारा गप्प झाला म्हणे. तो गप्प झाला की रांगेतले लोक त्याची नाडी बघतात, इतकी ती दुर्मिळ गोष्ट. यीलान आली, त्याच्या जागी शिरली, बस गेली. तिला तो एक शब्द बोलला नाही. घरी येऊन मला मात्र म्हणाला, "म्हातारे, चांगला कोट घाल. आपल्याला मुलाखतीला जायचंय."

"कोणाच्या?"

"घ्यायला जायचंय, द्यायला नाही."

लुओ तिशीचा, गोल चेहऱ्याचा, नव्या दुकानात एकटाच फडकं मारत बसलेला. आम्हाला बघून उडी मारून उठला.

"या काका, या मावशी! चष्मा करायचाय?"

"नाही. दुकान बघायला आलोय," म्हातारा म्हणाला आणि आपला चष्मा नाकावरून काढून त्याच्या हातात दिला. "हा तुझ्या त्या यंत्रात घालून बघ."

लुओने बघितला. काच पुसली, परत बघितला. मग मान वर करून म्हणाला, "ह्या काचा कोणी घासल्या?"

"का? चुकल्यात?"

"चुकल्यात? काका, तुमच्या उजव्या डोळ्याला तिरपा नंबर आहे. त्याचा कोन केसभरसुद्धा हललेला नाही. कुठल्या दुकानातून केला?"

"घरातून."

"कोण आहे हो हा कारागीर?"

"ते नंतर. आधी मला सांग, तुझ्याकडे संडास आहे का?"

लुओ बावरला. "आहे की. मागे."

"त्याच मजल्यावर? जिना चढावा लागत नाही ना? बरं. खुर्चीला पाठ आहे? हीटर पायाशी लागतो की डोक्यावर?"

मी मागून त्याच्या कोटाला हिसका देत होते, पण तो बैठक मारून बसला होता. अर्ध्या तासाने तो पोरगा घाम पुसत म्हणाला, "काका, मी पास झालो का?"

"कळवतो," म्हातारा म्हणाला आणि मोठ्या रुबाबात बाहेर पडला. चष्मा तिथेच विसरला. तो घ्यायला मला परत जावं लागलं.

हे सगळं आम्ही तिला रविवारी दुपारी जेवताना सांगितलं. सांगितलं म्हणजे, म्हाताऱ्याच्या तोंडात राहिलं नाही. यीलानने जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"बाबा, माझी नोकरी तुम्ही परस्पर ठरवून आलात?"

"ठरवली नाही गं. चाचपली."

"अकरा वर्षं झाली मला तिथे! उस्ताद चिन यांच्या हाताखाली शिकले मी. लोक माझं नाव घेऊन काम आणतात. आणि आता भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर बसू? कोथिंबिरीच्या शेजारी?"

"कोथिंबिरीने काय केलंय तुझं?"

"आई, सांगा ना यांना!"

मी काय सांगणार? मी तिच्याच पानात अंडं वाढलं. माझा लेक लिन गावातल्या टोलेजंग इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं सरळ करतो, पण घरात दोन माणसांच्या मध्ये अडकला की त्याचं बटण चालत नाही. तो भातात बघत होता.

"तू काही बोलू नकोस," यीलान त्याला म्हणाली.

"मी कुठे बोललो?"

"तेच तर म्हणते!"

ती उठली, कोट घातला. "त्या बिचाऱ्याला उगाच आशा लागली असेल. मीच जाऊन तोंडावर नाही सांगून येते. दहा मिनिटांचं काम."

दोन वाजता गेली. तीन वाजले, चार वाजले. म्हातारा खिडकीपाशी जाऊन जाऊन काच धुरकट करत होता.

तिकडे काय झालं ते लुओने नंतर सांगितलं. ती 'नाही' म्हणायला गेली होती, पण तिची नजर मशीनवर पडली. "हा काच घासायचा दगड कोणी बसवलाय? न्हाव्याने?" तिने विचारलं. मग बाह्या वर केल्या, दगड काढला, परत बसवला. बसवला तर चालवून बघायला हवा. चालवून बघायला काच हवी. तेवढ्यात एक शाळकरी मुलगी आईबरोबर आली, तिचा चष्मा तीन दिवस रखडलेला. यीलानने तो करून दिला. मग आणखी एक. शेजारचा भाजीवाला येऊन म्हणाला, मला सुईत दोरा ओवता येत नाही. त्याचाही नंबर निघाला. 'नाही' म्हणायचं राहूनच गेलं.

मी कणीक मळत होते तेव्हा दार धाडकन उघडलं.

"आई, किती वाजले?"

"पाच वाजून पाच."

"मी त्याच्या दुकानातून चार छप्पन्नला निघाले."

"बरं मग?"

"मग मी पोचले!"

"दिसतंय मला."

"नाही आई, तुम्हाला कळत नाहीये. नऊ मिनिटं झाली! वाटेत भाजलेलं रताळं घेतलं, त्यासाठी थांबले, सुट्टे पैसे शोधले, तरी नऊ! हात लावून बघा, अजून चटका बसतो."

खरंच चटका बसला. मी कणकेचा हात झटकला. ती दारातच उभी होती, गाल लाल, डोळे असे की जणू कोणी तिला हिरा सापडला असं सांगितलंय आणि तिला अजून खोटं वाटतंय.

"काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "परत मोजते. मीली, चल!"

मीलीला घेऊन गेली आणि आली. मीली डबक्यात, मांजरापाशी आणि फुगेवाल्यापाशी थांबली, तरी चौदा. मग लिनला ओढलं. या खेपेला दोघं पळत आले. जिन्यात त्यांच्या पायांचा आवाज ऐकून समोरच्या बाई बाहेर आल्या, "आग लागली का?" म्हणून.

"पाच!" यीलान ओरडली. "पाच मिनिटं!"

लिन भिंतीला धरून श्वास शोधत होता. ती कोटासकट जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलं, पुन्हा हसली.

"पाच तास, आई," ती म्हणाली. "रोजचे पाच तास. एवढे मी ठेवू कुठे?"

म्हातारा स्वयंपाकघराच्या दारामागून हळूच म्हणाला, "माझ्याकडे दे थोडे." त्यावर तिने अर्धं रताळं मोडून त्याच्या हातात ठेवलं. तोच तिचा होकार.

लुओला मात्र तिने सहज सोडलं नाही. पाठीची खुर्ची, पायाशी हीटर, संध्याकाळी सहाला सुट्टी, आणि रविवारी गर्दी असते म्हणून आठवड्याची सुट्टी सोमवारी. पगार थोडा कमी होता, पण घरात त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. बीजिंगच्या बाजारात उस्ताद चिन यांचा निरोप घ्यायला गेली तेव्हा तिला भीती होती की ते रागावतील. ते म्हणाले, "जा बाई, जा. मीही आलो असतो, पण माझं घर तुझ्यापेक्षा लांब आहे." आणि आपला बारका स्क्रू फिरवायचा पेचकस तिच्या खिशात टाकला.

नोव्हेंबरात ती दुकानात लागली. कोबी साठवायचे दिवस होते. मी वाट बघत होते की आता घरात आनंदीआनंद होईल. झालं असं की पहिले नऊ दिवस ती झोपली. सव्वासहाला घरी, सातला जेवण, आठला झोप. सकाळी साडेसातला उठून म्हणायची, "पाच मिनिटं, आई." मीली पलंगाच्या कडेला बसून तिच्या पापण्या मोजायची. दहाव्या दिवशी मी उठले तर स्वयंपाकघरात दिवा. यीलान सोयाबीनचं गरम दूध ढवळत होती आणि गाणं गुणगुणत होती. सूर भयंकर होता. पाच वर्षांत मला कळलंच नव्हतं की माझी सून इतकं वाईट गाते.

मग भांडणं सुरू झाली.

ते स्वयंपाकघर माझं होतं. पाच वर्षं तिथे माझंच राज्य. आता तिने कोबीत व्हिनेगर घातलं, मी काढून टाकायला गेले, तर व्हिनेगर कधी निघतं का? तिने मीठ उजवीकडून डावीकडे ठेवलं. मी परत उजवीकडे. एक दिवस दोघींनी एकाच भाजीत मीठ घातलं, आणि ती भाजी म्हाताऱ्याने तीन कप पाण्याबरोबर, डोळे मिटून, चांगली झालीय म्हणत खाल्ली. त्या रात्री आम्ही दोघींनी वार वाटून घेतले.

आणि ती दोघं! लिन आणि यीलान! पाच वर्षांत त्यांना भांडायलाही वेळ मिळाला नव्हता. साचलेलं सगळं एका शनिवारी बाहेर आलं. पडद्याचा रंग तू का निवडलास, माझ्या बहिणीच्या लग्नात तू उशिरा का आलास, मी आजारी होते तेव्हा तू सूप केलंस त्यात आलं का नव्हतं. मी मीलीला घेऊन भिंतीला कान लावून बसले. मला इतकं बरं वाटलं! एकमेकांत जीव असेल तरच माणसं सात वर्षांपूर्वीचं आलं काढतात. थोड्या वेळाने आवाज बंद झाले. मग खुदखुद ऐकू आली. मग मी टीव्हीचा आवाज मोठा केला.

"आजी, कानाला लागतंय," मीली म्हणाली.

"लागू दे," मी म्हणाले.

तिच्या 'आई-आई' खेळातही फरक पडला. आता ती कमरेवर हात ठेवून बाहुलीला ओरडायची, "गाजर कोण खाणार, तुझे आजोबा?" गालावर टिचकी मारायची, मग मुका घ्यायची. बाहुलीला झोपायची सवडच मिळेना.

जानेवारीत डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी यीलानचा रक्तदाब मोजला. कपाळाला आठी घातली. परत मोजला. मग म्हणाल्या, "थांबा हं, हे मशीन बिघडलंय." शेजारच्या खोलीतून दुसरं आणलं. तेही तेच सांगत होतं.

"काय खाता तुम्ही हल्ली?"

"सकाळी गरम," यीलान म्हणाली. "आणि घरी जाते."

"म्हणजे?"

"चालत घरी जाते. नऊ मिनिटं."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पोटाच्या गोळ्या बंद केल्या. मग माझ्या दंडाला पट्टा बांधला. माझा होता तेवढाच होता. "तुम्हीही थोडं चाला," त्या म्हणाल्या. आता मी कुठे नोकरी धरायची?

अडचण झाली ती म्हाताऱ्याची. त्याला चार-दहाला जाग यायचीच. पहिल्या दिवशी छताकडे बघत पडून राहिला. दुसऱ्या दिवशी कोबी मोजले. तिसऱ्या दिवशी थर्मास घेऊन थांब्यावर गेला, आणि फानबाईने त्याला झापलं.

"तुझी सून आता बसने जात नाही ना? मग रांगेत कशाला जागा अडवतोस?"

"मी आपला बोलायला आलोय."

"मग रांगेच्या बाजूला उभा राहून बोल!"

तो घरी आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. दोन दिवस जेवला नीट नाही. मी म्हणाले, "अरे म्हाताऱ्या, सून घरी आली ह्याचं दुःख करतोस?"

"दुःख नाही गं," तो म्हणाला. "पण पाच वर्षं कोणाच्या तरी उपयोगी पडत होतो. सवय लागली होती."

हे यीलानच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याला बरोबर दुकानात नेलं आणि लुओला सांगितलं, "ह्यांना बाकावर बसवा. चष्मा तयार होईपर्यंत गिऱ्हाइकांना गप्पांत गुंतवायचं काम ह्यांचं." आठवड्याभरात असं झालं की लोकांचा चष्मा तयार झाला तरी लोक उठेनात. पंचाहत्तरीचे एक आजोबा तर चष्मा करायचा नसतानाही रोज येऊ लागले. लुओने हात जोडून बाक दारापाशी हलवलं, म्हणजे निदान गिऱ्हाइकाला आत शिरता यावं.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी, यीलानच्या सुट्टीच्या दिवशी, तिने जाहीर केलं की आज सगळ्यांनी नदीवर जायचं. लिनने एका लिफ्टला ताप आल्याचं सांगून रजा काढली. मीलीला बालवाडीतून दुपारीच आणलं. छाओबाय नदी पांढरीशुभ्र गोठली होती. काठावर एकजण बर्फावरच्या खुर्च्या भाड्याने देत होता. लाकडी खुर्ची, खाली लोखंडी पट्ट्या, हातात दोन टोकदार गज. बसायचं आणि गज टोचत पुढे सरकायचं.

"आई, बसा," यीलान म्हणाली.

"मी? माझं वय काय!"

"तुम्ही उत्तरेच्या त्या थंडगार हेलोंगच्यांगच्या ना? तिकडे तर चालायच्या आधी घसरायला शिकतात म्हणे."

आता हे तिने मुद्दाम म्हटलं, मला कळत होतं. पण मी बसले. चाळीस वर्षांनी बसले. गज हातात आला आणि दंडांना आपोआप आठवलं. दोन टोचे मारले आणि सुटले! वारा कानात, डोळ्यांत पाणी. मागून यीलान ओरडत येत होती, "आई, थांबा! शर्यत अजून सुरू झाली नाही!"

"माझी सुरू झाली!"

तिने मला नदीच्या मध्यावर गाठलं. तिच्या अंगात किती जोर! मागच्या हिवाळ्यात ही पोरगी दोन मजले चढताना कठड्याला धरून थांबायची. आता तिने खुर्चीसकट एक गिरकी घेतली आणि माझ्या पुढून गेली, तीच आपली भसाडी चाल गात. मागे लिन एका दोरीने मीलीची आणि म्हाताऱ्याची अशा दोन खुर्च्या ओढत पळत होता. मीली ओरडत होती, "जोरात! बाबा, जोरात!" लिनचा पाय सटकला. तो पाठीवर पडला, मीली त्याच्या पोटावर, आणि म्हाताऱ्याची खुर्ची दोघांना वळसा घालून, गरगर फिरत, थेट माझ्यावर येऊन आदळली.

आम्ही दोघं आडवे. वर आभाळ निळंगार. म्हातारा इतका हसायला लागला, इतका, की त्याची वरची कवळी तोंडातून निसटली आणि बर्फावरून सुर्रकन पुढे गेली. ती थांबेचना!

"दात!" तो बोबडा ओरडला. "माझे दात गेले!"

"आजोबांचे दात पळाले!" मीली किंचाळली आणि त्यांच्यामागे धावली. तिच्यामागे लिन, त्याच्यामागे खुर्चीत बसूनच यीलान, दोन्ही हातांनी गज टोचत, पुढे वाकून. सगळ्या नदीवरचे लोक थांबून बघत होते. शेवटी यीलाननेच ती गाठली. हातमोज्यात उचलून डोळ्यांजवळ धरली आणि उजेडात फिरवून बघितली, एखादी काच तपासावी तशी.

"एकही ओरखडा नाही, बाबा!" ती लांबून ओरडली.

म्हातारा उठायच्या भानगडीत न पडता पाठीवर पडूनच हात हलवत होता. मला उठायचं होतं, पण हसण्याने अंगात बळ राहिलं नव्हतं. म्हणून मीही तिथेच पडून राहिले, आणि ती तिघांची वरात आमच्याकडे येईपर्यंत त्याचा हात धरून ठेवला.